तेलवात

देवळाला दिवा देणे ही आपल्याकडील दानाची फार जुनी रीत आहे. कदंब, शिलाहार, चालुक्य ह्यांच्या काळातील जे शिलालेख व ताम्रपट कोंकण, गोमंतक आणि कर्नाटक ह्या प्रदेशांत सापडले, त्यांतील कित्येकांत नंदादीपासाठी दान दिल्याची नोंद आहे. ह्या नोंदी लक्षपूर्वक वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दाता नुसता दिवा देऊन मोकळा होत नाही. कोणत्या घाण्याचे तेल, कोणत्या शेताचे उत्पन्न, हे तो लिहून ठेवतो. कर्नाटकातील लेखांत तर ‘खंडस्फुटितजीर्णोद्धार’ असा एक लांबलचक शब्द वारंवार भेटतो. जे मोडेल, जे तडकेल, त्याच्या दुरुस्तीसाठी ही तरतूद, असा त्याचा अर्थ. दान आचंद्रार्क चालावे अशी इच्छा धरणाऱ्या त्या माणसाला वस्तू मोडते हे पक्के ठाऊक होते, आणि ते दानपत्रातच नमूद करण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. पुढे हीच कल्पना देवस्थानांच्या दिवाबत्तीच्या इनामांत आली, आणि घरोघरी ‘तेलवात’ ह्या साध्या शब्दात राहिली.

आज हा विषय आम्ही काढला आहे तो मात्र एका अगदी अर्वाचीन दिव्याच्या निमित्ताने. हा दिवा माणसाच्या मेंदूत लावतात.

कंपवाताचा रोग आमच्या वाचकांस अपरिचित नाही. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, चेहरा कोरा होतो. जेम्स पार्किन्सन ह्या इंग्रज वैद्याने १८१७ साली त्यावर निबंध लिहिला, आणि पुढे जगभर त्याचेच नाव ह्या रोगास चिकटले. ह्या रोगावरील मुख्य औषध लेव्होडोपा. आपल्या रानावनांत जी खाजकुइली माजते, तिच्या बियांतून हे द्रव्य दामोदरन् व रामस्वामी ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली वेगळे काढून दाखविले होते. कंपवातावर त्याचा उपयोग होतो हे कळावयास पुढे बराच काळ जावा लागला. गोळ्यांनी काही वर्षे चांगला गुण येतो. मग तो बेभरवशाचा होतो. कधी गोळीचा अंमल अवेळी उतरतो व माणूस जागच्या जागी थिजतो, कधी अंग आपोआप वळवळू लागते. अशा अवस्थेत जी शस्त्रक्रिया करतात तिला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबीद ह्या शल्यवैद्याने १९८७ साली ह्या उपचाराच्या आधुनिक पद्धतीस आरंभ केला. आपल्या देशात गेल्या शतकाच्या अखेरीस तिचा प्रवेश झाला. मुंबईचे जसलोक रुग्णालय, बंगळूरची निम्हान्स ही संस्था ही तिची ठळक ठिकाणे होत.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. मेंदूच्या खोल भागात, एका लहानशा केंद्रात, दीड मिलिमीटरहूनही बारीक अशी तार बसवितात. तीच पुढे कातडीखालून, कानामागून, मानेवरून खाली आणून गळपट्टीच्या हाडाखाली छातीत ठेवलेल्या एका डबीस जोडतात. ही डबी सेकंदाला शंभरावर विजेचे ठोके मेंदूकडे पाठविते. रोग त्यामुळे बरा होत नाही. पण ज्याला गुण येतो त्याचा हात थांबतो, पाऊल उचलते, गोळ्या कमी होतात. ज्याने आपल्या हाताने पेज प्यायला कित्येक महिने केले नव्हते, त्याला हे पुनर्जन्मासारखे वाटल्यास नवल नाही.

डबी दोन प्रकारची असते. एका प्रकारात बॅटरी बंदिस्त असते. ती तीन ते पाच वर्षांत संपते आणि छाती पुन्हा उघडून नवी डबी बसवावी लागते. दुसऱ्या प्रकारातील बॅटरी बाहेरून चार्ज करता येते. ती पंधरा वर्षे व त्याहूनही अधिक टिकावी अशी अपेक्षा असते. चार्ज करावयाचे ते असे, की एक कडे पट्ट्याने छातीवर बांधून, डबीच्या बरोबर वर आणून, रोज अर्धा तास किंवा आठवड्यातून काही तास स्वस्थ बसावयाचे. हिशेबाने पाहता गरिबाला दुसरा प्रकार सोयीचा. दर चार वर्षांनी लाखांचा खर्च व नवी जखम ही त्याला कोठून परवडणार? पण हिशेब येथे संपत नाही.

ह्या यंत्राच्या मोडतोडीचा जो इतिहास वैद्यकांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदून ठेवला आहे, तो वाचण्यासारखा आहे. जखमेत जंतू शिरले तर बहुधा डबी, आणि कधी सारा संच, काढून टाकावा लागतो. हे प्रमाण ठिकठिकाणच्या नोंदींत शेकडा दोन-तीनपासून दहापर्यंत आढळते. तार मानेत ताणली जाते, जागची सरकते, तुटते. वरची कातडी झिजून खालचा धातू उघडा पडतो. डबीभोवतीचा कप्पा सैल असला तर ती कातडीखाली गरगर फिरते. काही रुग्ण नकळत बोटांनी तिला फिरवितात आणि तारेला दोरीसारखा पीळ बसतो. हा प्रकार हृदयाच्या पेसमेकरच्या बाबतीत १९६८ सालीच वैद्यकात नोंदला गेला होता. आता ह्या सर्व विघ्नांत चार्ज होणाऱ्या डबीची स्वतःची अशी आणखी काही भर आहे. साधी डबी उलटी झाली तरी वीज देत राहते. चार्ज होणारी डबी उलटली म्हणजे तिचे तोंड आत जाते, बाहेरचे कडे कितीही दाबून धरले तरी तिला ऐकू येत नाही, आणि ती हळूहळू उपाशी मरते. माणसाच्या अंगावर मांस चढले, किंवा डबी मुळातच खोल बसली, तरी तोच परिणाम. काही बनावटींत कातडीपासून एका सेंटिमीटरच्या आत असल्यावाचून चार्जिंग नीट होत नाही. बॅटरी पुरती रिती होऊन तशीच राहिली, तर ती घरी जागविता येत नाही, वैद्याकडे न्यावी लागते. काही बनावटींत असे थोड्याच वेळा घडले की डबी कायमची निकामी होते.

आणि दिवा एकाएकी विझला म्हणजे काय होते? पूर्वीचा कंप परत येतो, एवढेच असते तर सोसता आले असते. परंतु यंत्राच्या भरवशावर गोळ्या कमी केलेल्या असतात. वीज अकस्मात थांबल्याने सारे अंग लाकडासारखे ताठणे, तीव्र ताप येणे, आणि क्वचित त्यात प्राण जाणे, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील सारा विचार त्यावर उभा आहे. दिवा न मिळालेला माणूस आणि दिवा मिळून विझलेला माणूस हे दोघे एकाच अंधारात नसतात.

आता हे यंत्र जोयडा तालुक्यात नेऊन पाहू. तेथील अमुक एका रुग्णाची हकीकत आम्ही सांगत नाही. प्रश्न कसोटीला लावावयाचा तर तो अवघड जागी लावावा, एवढाच हेतू.

उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा तालुका विस्ताराने मोठा व वस्तीने विरळ. सारी लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. कुणबी, मराठे, गवळी. घरात कोंकणी किंवा मराठी, कचेरीत कन्नड. वाड्या जंगलात विखुरलेल्या, एका घरापासून दुसरे घर हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. पावसाळ्याचे चार महिने झाडे तारांवर पडतात, आणि एकदा वाट चिखलाने धरली म्हणजे तार जोडावयास येणारा माणूसही अडकतो. ह्याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ काळी नदी उगम पावते. हिच्यावर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपा गाव, जे तालुक्याचे ठाणे होते, ते पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्यास आले, आणि उठलेल्या लोकांपैकी अनेकांना रामनगर येथे बसविले. सुप्याच्या धरणाखालील वीजघर १०० मेगावॅटचे. तेथून खाली नागझरीचे वीजघर सुमारे ९०० मेगावॅटचे, आणि आणखी खाली कोडसळ्ळी व कद्रा. काळी समुद्राला मिळेपर्यंत तिचे पाणी इतक्या वेळा विकले जाते, की बेळगाव-हुबळीच्याच काय, दूर बंगळूरच्या दिव्यांतही तिचा वाटा असावा.

ह्या नदीच्या काठच्या एखाद्या वाडीवरील माणसाच्या छातीत चार्ज होणारी डबी आहे असे समजा. एक-दोन रात्री वीज गेली म्हणून त्याचे काही बिघडत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. उगाच भय दाखविण्यात अर्थ नाही. भरलेली बॅटरी बहुधा काही दिवस पुरते. शिवाय चार्जरलाही स्वतःची बॅटरी असते. तो रामनगरला किंवा जोयड्याला कोणा नातेवाइकाच्या घरी भरून आणता येतो. पूर्वी गिरणीवर दळण नेत तसा हा चार्जर पिशवीत घालून न्यावयाचा. खरी अडचण एका रात्रीची नसून पंधरा वर्षांची आहे. चार्जरची वायर उंदराने कुरतडली तर दुसरी कोठे मिळेल? डबी उलटली की चार्जर बिघडला, हे कोण ओळखील? नांगर किंवा जळणाचा भारा खांद्यावर वाहणाऱ्या शरीराचा गळपट्टीखालच्या तारेशी काय करार? खांदा दुखतो म्हणून जवळच्या गावी यंत्राचा विद्युत्-शेक घेतला तर ह्या रुग्णाच्या मेंदूस गंभीर इजा होऊ शकते, तशी नोंद वैद्यकात आहे; ही सूचना तेथील वैद्याच्या कानावर कोणी घातली आहे काय?

आणखी एक. हात स्थिर नाहीत म्हणून हे यंत्र, आणि यंत्र नेमके जागेवर धरावयास स्थिर हात हवेत. डबी रिती होत आली तेव्हाच कंप वाढलेला असतो. म्हणजे कडे धरणारा हात दुसऱ्याचा. तो बहुधा बायकोचा किंवा सुनेचा असतो, हे सांगावयास पाहणी करण्याची गरज नाही. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही रुग्णाची घेतात. पंधरा वर्षांच्या तेलवातीची सही मात्र न विचारताच सुनेच्या नावे पडते. तिने ते आनंदाने केले तरी ते विचारले गेले नव्हते, हे खरेच राहते. काही वृद्ध रुग्ण चार्ज करण्याची दगदग नको, रोज उठून आपल्या आजाराची आठवण नको, म्हणून साधी डबी मागतात. त्यांस अडाणी समजणे चूक आहे. त्यांनी आपल्या घराचा हिशेब वैद्यापेक्षा अधिक नीट केलेला असू शकतो. चार्ज होणारी डबी घेऊन समाधानाने राहणारेही पुष्कळ आहेत, हेही तितकेच खरे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग अशा आडरानातील माणसाला हे यंत्र देऊच नये, गोळ्या द्याव्यात. हा सल्ला शहाणपणाचा दिसतो, आणि आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. ज्या तालुक्याने आपले ठाणे बुडवून वीज दिली, त्याच तालुक्याच्या माणसाला ‘तुमच्याकडे विजेचा भरवसा नाही’ म्हणून विजेचा उपचार नाकारावयाचा, ही गोष्ट उच्चारतानाच जीभ अडखळली पाहिजे. दोष वाडीचा नाही. भरवसा उभा करणे ज्यांचे काम होते त्यांनी तो केला नाही, त्याची शिक्षा रोग्याने का भोगावी?

पण दुसरी हरकत अधिक बळकट आहे, आणि तिला उत्तर देताना आम्ही स्वतः बराच काळ घुटमळलो. एखाद्या धर्मादाय निधीजवळ ठराविक पैसा आहे असे धरा. त्यातून दहा रुग्णांच्या शस्त्रक्रिया होतात. पंधरा वर्षांच्या दुरुस्तीची, नव्या चार्जरची, येण्याजाण्याची, बिघाड झाल्यास पुन्हा शस्त्रक्रियेची तरतूद बाजूला काढावयाची तर कदाचित पाच-सहाच होतील. मग उरलेल्या चौघा-पाचांचे काय? तेही माणसेच आहेत, त्यांनाही घरे आहेत. तरतूद करणाऱ्याने त्यांच्या तोंडचा घास काढला, असा आरोप झाला तर तो पोकळ नाही. दहा दिवे लावावे आणि तेलाचे देवावर सोपवावे, असे म्हणणाऱ्याच्या मनात दयाच असते.

तरीही आमचा कौल तेलासहित पाच दिव्यांकडे आहे. कारण मघाशी सांगितले तेच. विझलेला दिवा माणसाला मूळ जागी परत नेऊन ठेवीत नाही. तो त्याला अधिक खाली ढकलतो, आणि ते ढकलणे आपल्या हातून झालेले असते. ज्याला आपण काही दिले नाही त्याचे आपण देणे लागतो. पण ज्याच्या डोक्यात तार घालून, गोळ्या कमी करून, मग पाठ फिरवितो, त्याचा आपण घात करतो. भुकेल्याला जेवू न घालणे आणि पोहता न येणाऱ्याला नावेत घेऊन मध्यधारेत उतरविणे ह्यांत जेवढे अंतर, तेवढे येथे आहे. उरलेल्या पाचांसाठी आणखी निधी मागावा, भांडावे, सरकारचे दार ठोठवावे. त्यांची नावे यादीतून पुसली जाऊ नयेत. परंतु त्यांच्या नावाने पहिल्या पाचांचे तेल तोडू नये.

हा जिव्हाळ्याचा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असे कोणी समजू नये. शरीरात बसविलेल्या यंत्रांच्या इतिहासाचा आरंभच त्यापासून झाला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ऑके सेनिंग ह्या शल्यवैद्याने आर्ने लार्सन ह्या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविला. तो रूने एल्मक्विस्ट ह्या अभियंत्याने तयार केला होता. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात राळ ओतून त्याने तो घडविला असे सांगतात. आणि मौज अशी, की तो बाहेरून चार्ज करण्याच्याच जातीचा होता. काही तासांतच तो बंद पडला. दुसरा बसविला, तोही फार टिकला नाही. पुढे लार्सनच्या शरीरात एकामागून एक वीसहून अधिक पेसमेकर बसले. एल्मक्विस्ट १९९६ साली वारला, सेनिंग २००० साली. लार्सन ह्या दोघांच्याही मागे राहून २००१ च्या अखेरीस, ८६ व्या वर्षी गेला, आणि तेही हृदयाच्या दुखण्याने नव्हे. यंत्र देणारे दोघेही गेल्यावर त्याचे तेल चालू राहिले, ह्याचे कारण ते कोणा एकाच्या चांगुलपणावर सोपविलेले नव्हते. दान देण्यापेक्षा दिलेल्या दानाचे पालन करणे श्रेष्ठ, अशा आशयाचा मजकूर आपल्याकडील ताम्रपटांच्या अखेरीस असतो; तो पुढील राजांना उद्देशून असतो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

उलट बाजूही आहे. आंधळ्यांना अंधुक का होईना दिसावे म्हणून डोळ्यात बसविण्याचे ‘आर्गस’ नावाचे यंत्र अमेरिकेतील सेकंड साइट ह्या कंपनीने काढले. जगभर साडेतीनशेच्या आसपास माणसांनी ते बसवून घेतले. २०१९ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले, २०२० साली तिची आर्थिक स्थिती ढासळली व बहुतेक नोकरवर्ग कमी झाला. ज्यांचे यंत्र नंतर बिघडले त्यांना सुटा भाग मिळेना, विचारावयास माणूस मिळेना. कंपनीने कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही, धंदे बुडतात. परंतु धंदा बुडाला म्हणून डोळ्यातील यंत्र विरघळून जात नाही. श्रीमंत देशात, अखंड वीज असताना जे झाले ते जोयड्याच्या वाडीवरील आमच्या कल्पित रुग्णाच्या स्थितीहून वेगळे नाही. तेलाची व्यवस्था दानपत्रात लिहिलेली नव्हती, एवढेच.

तेव्हा हे कर्तव्य कोणाचे? शल्यवैद्य म्हणेल, माझे काम शस्त्रक्रियेचे. कारखानदार म्हणेल, माझी हमी इतक्या वर्षांची. सरकार म्हणेल, आम्ही पैसे दिले. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या कागदाप्रमाणे बरोबर असते, आणि मधल्या मध्ये सून चार्जर घेऊन उभी असते. आमच्या मते ज्याने डबीचा प्रकार निवडला त्याच्यावर पहिला भार येतो, कारण निवडताना त्याने त्या घराचे भविष्य ठरविले. साधी डबी की चार्ज होणारी, हे ठरविण्यापूर्वी वैद्याने मेंदूचे चित्र पाहावे तसे घरही पाहावे. निदान विचारावे: वीज आषाढात किती दिवस जाते, कडे कोण धरणार, तिला दिसते कसे, शेतीचे काम कोणते, दुसरे घर कोठे. हे प्रश्न विचारावयास यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. अर्धा तास लागतो, आणि रुग्णाची भाषा समजणारा एक माणूस लागतो. बंगळूरच्या किंवा मुंबईच्या दवाखान्यात जोयड्याची कुणबी कोंकणी समजणारा माणूस सहज सापडत नाही, हे आमच्या दोन्ही भाषांच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

कारखानदाराचा भार त्यानंतरचा, पण लहान नव्हे. एकाचा चार्जर दुसऱ्याच्या डबीला चालत नाही, अशी आजची रीत आहे. घाण्याच्या तेलाला असा हट्ट नव्हता. कोणत्याही घाण्याचे तेल कोणत्याही दिव्यात जळे. आणि सरकारने, ज्या रुग्णाच्या शरीरात असे यंत्र आहे त्याच्या घरची तार पावसाळ्यात आधी जोडली जावी, एवढी एक नोंद वीजखात्याच्या वहीत करून ठेवावी. ही मागणी मोठी नाही. काळीच्या काठी ती अवाजवी तर मुळीच नाही.

जुन्या दानलेखांत साक्षीदारांची नावे असतात, शेताच्या चतुःसीमा असतात, घाणा कोणाचा हे असते. शस्त्रक्रिया होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती आज एक लहानसे ओळखपत्र देतात; त्यावर डबीची जात, तिचा क्रमांक, बसविल्याची तारीख असते. त्याच्या पाठीमागच्या बाजूस, रुग्णाच्या घरात वाचता येईल अशा लिपीत, आणखी तीन गोष्टी लिहिता येतील: दुसरा चार्जर जवळात जवळ कोठे आहे, डबी बोलेनाशी झाली तर कोणास कळवावे, आणि तोपर्यंत कोणती गोळी किती घ्यावी.